भात्यामागची जागा

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गन आहे. चर्चच्या डाव्या कोपऱ्यात, खिडकीखाली माझा मुक्काम असतो. माझ्या चार पट्ट्या दाबल्या की वर यायला कुरकुर करतात आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे. पण एके काळी माझाही थाट होता, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझी घडणच दोन माणसांसाठी झाली. एकाने पुढे बसून पट्ट्या वाजवायच्या आणि दुसऱ्याने माझ्या पाठीमागे उभं राहून दांड्याने भाता हलवायचा. मागून हवा आली नाही, तर पुढच्याने कितीही बोटं आपटली तरी माझ्या तोंडून आवाज फुटत नाही. मी आलो त्या वर्षापासून पुढे शिक्षिकाबाई बसत आणि मागे त्यांचे यजमान, सुतारदादा. दादांच्या गळ्याच्या नावाने सगळा आनंदीआनंद होता. पाळकांनी त्यांना मुद्दाम माझ्या आड लपवलंय, अशी मंडळी थट्टा करत. दादा हसत आणि आणखी मोठ्याने गात. बाईंनी मानेने खूण केली की ते दांडा खाली ओढत. अठ्ठावीस वर्षं त्यांना एवढं बोलणं पुरलं.

दादांची धाकटी बहीण मात्र पहिल्या बाकावर धुसफुसत असे. भावाने घाम गाळायचा आणि कौतुक वहिनीचं, हे तिला मुळीच पटत नव्हतं. कौतुक खरं तर माझंही होत होतं, पण ते असो.

मग एका आठवड्याच्या तापात सुतारदादा गेले. बाई दोन महिने चर्चकडे फिरकल्या नाहीत. माझ्यावर चादर पडली. पाळक बाईंच्या घरी जाऊन आले आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसून आपल्या पत्नीला सगळं सांगत होते. बाई त्यांना म्हणाल्या होत्या, प्रभूने दिलेला आनंद कधी सरत नाही, असं मी इतकी वर्षं वाजवलं. आता त्यातला एक शब्द खरा वाटत नाही आणि खोटं वाजवायला मी येणार नाही. पाळकांनी उपदेश केला नाही. ते एवढंच म्हणाले, "नका वाजवू. नुसत्या येऊन बसा. तुमच्या वाटणीचं आम्ही गातो."

त्या रविवारी बाई आल्या. शेवटच्या बाकावर बसायचं ठरवून आल्या असाव्यात, पण पावलांना जुनी सवय. त्या सरळ माझ्यापुढे येऊन बसल्या. चादर काढली, पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि मानेने खूण केली. मागे कोणीच नव्हतं.

मित्रांनो, तसली शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. बाईंनी पट्ट्या दाबून धरल्या होत्या आणि मी मुका. त्या उठल्या, दाराकडे वळल्या. आता गेल्या तर पुन्हा यायच्या नाहीत, हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून त्यांची नणंद ताडकन उठली आणि माझ्या मागे गेली. भावाच्या हातांनी गुळगुळीत झालेला तो दांडा धरताच तिला रडू कोसळलं. रडत रडतच ती हातपंप हापसावा तशी हापसत सुटली. बाईंनी घाईने बसून पट्ट्या दाबल्या, तेव्हा माझ्यातून असा भसाडा सूर निघाला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, मला येत नाही हो," ती मागून म्हणाली. "दादा कसं करायचा?"

"हळू," बाई म्हणाल्या. "श्वास घेतल्यासारखं."

आणि डोळे वाहत असतानाच बाईंना हसू आलं. मग मंडळी गायला लागली.

बाईंचं दुःख त्या दिवशी संपलं नाही. पण पुढची अकरा वर्षं त्या दोघींनी मला वाजवलं. एकदा मला पुसता पुसता बाई नणंदेला म्हणाल्या, "आनंद हे घेऊन गेले, असं मला वाटलं होतं. पण तो यांचा कुठे होता? यांनाही प्रभूनेच दिला होता."

आता दोघीही नाहीत. माझी डागडुजी केलीत तर मला बरं वाटेल, नाही म्हणणार नाही. पण त्याआधी, तुमच्यातलं कोणी गप्प झालं असेल, तर त्याच्यासाठी जागचे उठा, मित्रांनो. नणंद त्या दिवशी रुसून आणखी थोडा वेळ बसून राहिली असती, तर बाई दाराबाहेर गेल्या असत्या.