नकाशातली भिंत

‘घरात केलेले बदल’ या रकान्यापुढे दलालाने स्वतःच्याच पेनाने ‘काही नाही’ असे लिहिले आणि फॉर्म मिस्त्रींसमोर सरकवला.

“करा सही. हा शेवटचा कागद.”

मिस्त्रींनी चष्मा लावला, वाचले, चष्मा काढला. “पण बदल केलाय ना मी.”

“कोणाला माहितेय?”

“मला.”

“तुम्हाला सोडून.”

“आता तुम्हालाही.”

दलालाने कपाळाला हात लावला. पंचवीस वर्षांत त्याने बाराशे घरे विकली होती. खोटे बोलणारी माणसे त्याला चालत. फॉर्म वाचणारी माणसे आली की त्याचे पित्त खवळे.

“मिस्त्री, एक सांगा. तळमजल्याची ती खोली हवीय ना तुम्हाला? लेकीच्या दारासमोरची?”

“हवीय.”

“ते खोलीवाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. हा सौदा फिसकटला तर मरेपर्यंत तीन मजले चढत बसा. गुडघे तुमचे आहेत, माझं काय जातंय?”

यात खोटे काही नव्हते. चाळीस वर्षे उकिडवे बसून भिंतींच्या बुडाला गिलावा केला की गुडघ्यांचे जे होते ते मिस्त्रींच्या गुडघ्यांचे झाले होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. भाजी आणायची तर पिशवीत आठवड्याची आणायची आणि दर मजल्यावर पिशवीसकट टेकायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

तरी त्यांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. “उद्या त्या घर घेणाऱ्या बाई येतायत ना वकिलाला घेऊन? बघू.”

बदल एकच होता. मधली भिंत.

इमारतीखालची जमीन कधीच कोणा राहणाऱ्याची नव्हती. मूळ मालकांनी ती नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने दिलेली, आणि घरेही त्याच पट्ट्यावरची. त्यातली एकसष्ट वर्षे उरली होती. म्हणजे मिस्त्री घर विकत नव्हते, एकसष्ट वर्षे विकत होते. पट्ट्यात छत्तीस कलमे होती आणि एकविसावे म्हणत होते की मालकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही भिंत पाडायची नाही. ही कलमे ज्यांनी लिहिली त्यांनी जन्मात वीट उचलली नसेल. पण घर कसे वापरायचे हे तेच ठरवणार, आणि ज्याने भिंती लिंपल्या त्याने त्यांना विचारायचे.

मिस्त्रींनी विचारले नव्हते. चौदा वर्षांपूर्वी बायको अंथरुणाला खिळली. खाट बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघर आत, मध्ये ही अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत. बायको पडल्या पडल्या म्हणाली, “तुम्ही आत काय करपवताय ते वासावरून कळतं. पण तुम्ही काही दिसत नाही.” पुढच्याच रविवारी सकाळी मिस्त्रींनी छिन्नी-हातोडा काढला. दुपारपर्यंत भिंत पोत्यांत भरून खाली गेली, तिन्हीसांजेला छताचा आणि बाजूचा सांधा गिलाव्यात असा मिटवला की हात फिरवला तरी कळू नये. त्यानंतरची चार वर्षे बायकोने खाटेवरून स्वयंपाक चालवला. “मीठ दोनदा टाकलंत.” “झाकण ठेवा आधी.” “ते फडकं तिथे नको हो.” कलम एकवीस तेव्हा ट्रंकेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. त्या बस चालवायच्या. खाकी कपड्यांतच, ड्यूटी संपवून थेट. सोबत वकीलबाई, हातात मोजपट्टी आणि नकाशाची झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स होती ती. अर्ध्या रेघा उडालेल्या. वकीलबाईंनी खोल्या मोजल्या, भिंतींवर बोटे वाजवली, छताला मान वर करून पाहिले.

“छान ठेवलंय घर,” त्या म्हणाल्या. “पट्ट्याची वर्षं पुरेशी आहेत, बँकेला चालेल. देखभालीची बाकी नाही. मालकांची ना-हरकत तेवढी आली की झालं.”

दलाल दारात उभा राहून मिस्त्रींकडे असा बघत होता की नजरेनेच तोंड शिवावे.

बस चालवणाऱ्या बाई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. “मी सांगू? चौदा घरं पाहिली. सगळीकडे स्वयंपाकघर म्हणजे बोळकांडी. आमची आई दिवसभर एकटी असते, तिला कोणीतरी समोर दिसायला लागतं. इथून ती मला दिसेल, मी तिला. म्हणून हेच.”

मिस्त्री खुर्चीवरून उठले. उठायला वेळ लागला.

“तुम्ही उभ्या आहात ना बाई, तिथे भिंत होती.”

दलालाने डोळे मिटले.

“कुठे?” वकीलबाई पुढे आल्या. त्यांनी छतावर टॉर्च मारला, बोट फिरवले, पुन्हा फिरवले. “मला तर काहीच दिसत नाही.”

“दिसणार नाही. मी केलंय.” मिस्त्रींच्या आवाजात शरम होती की मिजास, हे त्यांनाही सांगता आले नसते.

“परवानगी?”

“नाही घेतली.”

वकीलबाईंनी मोजपट्टी मिटली आणि आपल्या अशिलाकडे वळल्या. “ऐका. हे घर आहे तसं घेतलंत तर हा पट्ट्याचा भंगही तुम्ही विकत घेतला. उद्या मालक म्हणाले भिंत उभी करा, तर ती तुम्ही करायची. म्हणाले पट्टाच रद्द करतो, तर कोर्टात तुम्ही उभं राहायचं. यांना कोणी शोधत येणार नाही.”

“मग कशाला सांगितलंत हो?” बाई मिस्त्रींना म्हणाल्या. रागावून नाही, खरेच कळत नव्हते म्हणून. “मला या महिन्यात खोली सोडायचीय.”

“मलाही,” मिस्त्री म्हणाले. “म्हणूनच म्हटलं, दोघांचं एकदाच काय ते होऊन जाऊ दे.”

चौघे मूळ मालकांच्या कचेरीत गेले. तिथे कारकून होता. त्याने दोन वाटा सांगितल्या. झालेल्या मोडतोडीला मागाहून मंजुरी हवी तर अर्ज, दंड, तपासणी, बैठक; आठ महिने. घर नकाशाप्रमाणे असेल तर हस्तांतरणाची ना-हरकत आठवड्यात.

“म्हणजे पाडलेली भिंत मी परत बांधायची,” मिस्त्री म्हणाले, “मग घर यांच्या नावावर होणार, मग यांनी ती पाडायची परवानगी मागायची.”

“बरोबर.” एवढ्या लवकर कोणाला समजलेले कारकुनाने पाहिले नव्हते. तो खूष झाला.

“आणि यांना परवानगी मिळेल?”

“मिळेल की, त्याच आठ महिन्यांत. भारवाहक भिंत नाही ती. सगळ्यांना मिळते.”

बाहेर येऊन बाई फुटपाथवर हसतच सुटल्या. “आमच्या डेपोत पण असंच आहे. गाडी धुतल्याची नोंद हवी, गाडी धुतली नाही तरी चालते.” मग वकीलबाईंना म्हणाल्या, “आठ महिने आईचं मी बघेन. भिंत असू दे. कागद स्वच्छ हवा.”

परत आल्यावर इमारतीच्या जिन्यात दलालाने शेवटचा प्रयत्न केला. “मिस्त्री, प्लायवूड ठोका. वर रंग. तपासायला येणारा माणूस दारातूनच बघतो.”

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिले. दलाल दोन पायऱ्या खाली उतरला.

विटा हमालाने वर आणल्या. बाकी सगळे मिस्त्रींनी केले. दहा वर्षांनी ओळंबा हातात आला होता आणि हात काही विसरला नव्हता. खालचे थर त्यांनी पाय पसरून, बसूनच रचले. लेक डबा घेऊन आली तर तिला सुतळी धरायला लावली. “बाबा, पाडायचीच आहे ती,” लेक म्हणाली. “वाकडी असली तर काय बिघडतं?”

“सुतळी ताण.”

त्यांना मजा येत होती. ते स्वतःशी पुटपुटत होते, मालाला शिव्या देत होते, वाळू नीट चाळली नाही म्हणून हमालाला फोन करून झापत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी गिलाव्याचा शेवटचा हात फिरला. बाहेरच्या खोलीतून ओटा दिसेनासा झाला. मिस्त्री त्या बाजूला थोडा वेळ उभे राहिले आणि मग हत्यारे धुवायला आत गेले.

तपासनीस आला, दारातूनच बघितले, खूण केली, गेला. ना-हरकत आठव्या दिवशी येणार होती, तिसऱ्याच दिवशी आली. महिन्याच्या शेवटच्या तारखेला सह्या झाल्या, किल्ल्या दिल्या, मिस्त्री तळमजल्यावर लेकीसमोर राहायला गेले. त्या रात्री ते पाय लांब करून झोपले.

सकाळी साडेसहाला तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजली.

“भिंतीला पाणी मारायचंय,” मिस्त्री धापा टाकत म्हणाले. “कच्ची आहे अजून. आठवडाभर तरी मारायला लागतं, नाहीतर तडकते.”

बाईंच्या हातात चहा होता. “मिस्त्री, आठ महिन्यांनी मी ती फोडणार आहे.”

“फोडा की. तडकलेली नको फोडायला.”

ते तांब्या भरून घ्यायचे, पाणी मारायचे, निघायचे. संध्याकाळी पुन्हा. बाईंच्या आईला त्यांची सवय झाली, ती खाटेवरून विचारायची, “भिंत आज किती प्याली?” चौथ्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या मजल्यावर इतका वेळ टेकले की बाईच खाली बघायला आल्या.

“उद्यापासून मी मारते,” त्या म्हणाल्या. “कसं मारायचं तेवढं दाखवा.”

“येईल तुम्हाला?”

“पन्नास माणसं भरलेली गाडी घाटात उतरवते मी.”

मिस्त्रींनी वर येऊन दाखवले. वरून सुरुवात, फेकायचे नाही, हातावर घेऊन सोडायचे. मग तांब्या बाईंच्या हातात दिला आणि कठडा धरून उतरायला लागले. दार उघडेच होते. वरून पाण्याचा आवाज येत होता; डावीकडून उजवीकडे, मग थांबला. खिडकीकडचा कोपरा राहिला होता. मिस्त्री पायरीवर थबकले, मान वर केली.

थोड्या वेळाने पाणी पुन्हा पडले, कोपऱ्यात.

ते पुढची पायरी उतरले.