मावय्याचा आकडा

आमच्या आंध्रातल्या अनकापल्लीत नवरी मांडवात चालत जात नाही. तिला बांबूच्या मोठ्या टोपलीत बसवतात आणि मामा टोपली उचलून नेतात. ही रीत ज्याने घातली त्याने माझ्यासारखी दणकट भाची पाहिली नसावी. अम्माला सख्खा भाऊ एकच, माझा मामा, म्हणजे आमच्या तेलुगूत अप्पलस्वामी मावय्या. टोपलीची दुसरी बाजू धरायला अम्माचा चुलत भाऊ होता, पण पहिला मान मावय्याचा. आणि मावय्याची कंबर तर गुळाच्या बाजारात ढेपा उचलून उचलून कधीच कामातून गेली होती.

कुणा डॉक्टरने एकदा सांगितलं, मणका झिजलाय, जपा. तेव्हापासून घरात त्याला पाण्याचा तांब्याही कुणी उचलू देत नसे. माझं लग्न ठरलं त्या दिवशी अम्मा सहज म्हणाली, "तुझ्या जागी दुसरा कुणी उचलेल रे, तू नुसता उभा राहा." मावय्या त्या रात्री जेवला नाही. मला अम्माचा असा राग आला की दुसऱ्याच दिवशी मी त्याला स्कूटीवर मागे बसवलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे फिजिओथेरपी शिकणारी प्रसूना नावाची मुलगी जुनाट कंबरदुखीवर प्रबंध लिहीत होती. तिला दुखणारी माणसं हवीच होती.

पहिल्या दिवशी तिने त्याला लांब व्हरांड्यात चालायला लावलं. सहा मिनिटं, या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत, जमेल तितकं भरभर. मावय्याला वाटेत बाजारातला ओळखीचा भेटला. झालं, हा थांबून त्याच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करू लागला.

"मावय्या, घड्याळ चालू आहे!" प्रसूना ओरडली. माझं ऐकून तीही त्याला मावय्याच म्हणू लागली होती.

"तुझं घड्याळ थांबेल गं, त्याची बस थांबणार नाही."

शेवटी धापा टाकत तो खुर्चीत बसला. दहापैकी किती दुखतंय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आठ.

"तुमची कंबर काचेची नाहीये," ती म्हणाली. "इतकी वर्षं बसवून ठेवलीत, म्हणून रुसलीय. तिला हळूहळू कामाला लावू."

आधी नुसतं वाकणं, मग उठाबशा. मग तिने लग्नाची टोपलीच मागवली. तिच्यात गुळाची एक छोटी ढेप ठेवून मावय्याने ती उचलायची, घरच्या अंगणात फिरायचं आणि ठेवायची. ढेपा हळूहळू वाढवायच्या. गल्लीला आयतीच करमणूक झाली. "काय अप्पलस्वामी, नवरी फार गोड दिसते हो!" शेजारी कुंपणावरून ओरडायचे. तो हसायचा. इतक्या वर्षांनी त्याला असं हसताना बघून मला भरून यायचं.

दुखण्याचा आकडाही उतरत गेला. सहा, मग चार, मग दोन. प्रसूना खूश. तिने ढेपा वाढवल्या. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना एका सकाळी मावय्या टोपली उचलायला वाकला तो वाकलेलाच राहिला.

मी फोन केला तशी प्रसूना धावत आली. तपासून म्हणाली, काही तुटलेलं नाही, स्नायू धरलेत. पण तिचा चेहरा उतरला होता.

"खरं सांगा मावय्या. गेल्या वेळी दोन होतं?"

मावय्या आढ्याकडे बघू लागला. "सात."

"सात? मग मला दोन का सांगितलंत?"

"अगं, तुझी परीक्षा माझ्या कंबरेवर. एवढी मेहनत घेतेस, मग सात कसं सांगू? तुझे मार्क नसते गेले?"

मी कपाळावर हात मारला. प्रसूनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. "मला मार्क खऱ्याचे मिळतात! तुमचं दोन ऐकून मी ढेपा वाढवल्या. आता तुमची माहिती प्रबंधात चालणार नाही."

"म्हणजे मी नापास?" कंबरेपेक्षा हे त्याला जास्त लागलं.

"तुमचे आकडे नापास. तुम्ही सोमवारी या."

त्याचा तिला आता काडीचा उपयोग नव्हता, तरी ती शिकवत राहिली. पुन्हा एका ढेपेपासून सुरुवात. मावय्या आता खरं सांगू लागला, आणि खरा आकडा काही पाचाच्या खाली येईना. अम्माने गुपचूप दुसरा माणूस ठरवून ठेवला. पण शेवटच्या चाचणीत तोच मावय्या त्याच व्हरांड्यात कुणाशी न बोलता असा चालला की प्रसूनाने अंतर दोनदा मोजलं.

"दुखतंय तेवढंच आहे," तो चक्रावून म्हणाला.

"हो. पण तुम्ही तेवढेच राहिला नाहीत."

लग्नाच्या दिवशी मी हातात नारळ घेऊन टोपलीत बसले. अम्माने ठरवलेला माणूस पुढे झाला. मावय्याने त्याला नुसता हात दाखवून थांबवलं, गुडघ्यांत वाकला आणि चुलत मामाच्या जोडीने टोपली उचलली. मी श्वास रोखून धरला, जणू त्याने माझं वजन कमी होणार होतं. त्याच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. मांडवाच्या तोंडाशी प्रसूना जरीची साडी नेसून उभी होती. तिला राहवलं नाही.

"मावय्या, किती?"

"पाच!" सनईच्या वर आवाज काढून तो ओरडला. "अगदी खरं पाच! आता बाजूला हो पोरी, माझी भाची जड आहे."