कुरणातल्या तीन म्हशी

रतिलाल अण्णाला हार घालून घ्यायची भारी हौस. सोनगीरकडच्या त्या गावात कुरणबंदी त्यानेच आणली. दसऱ्यापर्यंत गवताला बी धरू द्यायचं, जनावर आत सोडायचं नाही. राखणीची काठी रोज एकेका दारात जायची. काठी ज्याच्या दारात, त्या दिवशी राखण त्याची. आणि जो कुणी जनावर आत हाकलेल, त्याच्या घरच्या गुरांना वर्षभर कुरण बंद. एवढं बोलून अण्णाने मिशीवरून हात फिरवला. जणू गवत यानेच पेरलं होतं!

आज काठी कुंदाबाईच्या दारात होती. "तू निंदाले जाय, राखण मी पाहस," नवरा निंबा म्हणाला. निंदणी दुपारीच उरकली, म्हणून ती कुरणावरून परतली, तर आत तीन म्हशी! इतक्या माजलेल्या म्हशी गावात रतिलालशिवाय कुणाच्या असणार? शिव्या घालत तिने त्या थेट कोंडवाड्यात नेल्या.

गाव जमलं. इस्त्रीचे कपडे सावरत अण्णा आला.

"मुकं जनावर शे वहिनी, त्याले काय समजस?"

"त्याले नही समजत. तुम्हले तरी समजस का?"

अण्णा जवळ सरकला, हळूच हसला. "मी नही हाकल्यात. तुन्हा निंबाले इचार. मिटाडी टाक. नही तं गाय तुन्हीच उपाशी मरी."

निंबा मागे उभा राहून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. अण्णाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर व्हायचं होतं ना साहेबांना! काठी आपल्याच दारात, मग पाहतंय कोण? शी! या माणसासाठी आपण रोज भाकऱ्या थापतो, याचीच तिला किळस आली.

जमिनीचा तुकडा नाही. गाय एकच, तीही कुरणाच्या गवतावर जगायची. कुरण बंद झालं की ती विकावी लागणार. गप्प बसली तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"आयका रे!" कुंदाबाई ओरडली. "म्हशी मन्हा नवराने हाकल्यात, या अण्णाना सांगावरथून! मन्ही गाय आते कुरणमा येवाव नही. अण्णानं काय करानं ते तुम्ही ठरावा."

कुणी काही ठरवलं नाही. सगळे अण्णाच्या तोंडाकडे पाहत राहिले. मेले नेभळट!

"अवं, गाय इकनी पडी ना," निंबा पुटपुटला.

"तीच इकनी पडी," ती म्हणाली. "तुले तं फुकट बी कोनी लेवाव नही."