बंदुकीचा वाटा

आमच्या आबांना बंदूक शिमग्याआधी घरी हवी होती. बस्स, दुसरं काही नाही. बंदूक पनवेलच्या पोलीस ठाण्यात, आणि आबा इथे ओटीवर, उठ-बस, उठ-बस. चहा दिला की तो निवून जायचा. काय झालं विचारलं की म्हणायचे, रस्त्याला कोन आयलंय का बघतोय. कोण येणार होतं, डोंबल! बंदूक काय रिक्षा करून एकटी येणार होती?

आबा म्हणजे माझे सासरे, काशिराम. आमचं गाव नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. माझं माहेर गव्हाणचं, मिठागरवाल्यांचं, त्यामुळे बंदूक मी लग्न होऊन आल्यावरच जवळून पाहिली. देवघराशेजारी खुंटीला टांगलेली, आणि दसऱ्याला तिला झेंडूचा हार. रानडुकरांपासून शेत राखायला सरकारने दिलेलं लायसन. तेव्हा गावात अशा बऱ्याच बंदुका होत्या. शिकारीला बंदी येऊन जमाना झाला होता, पण रिवाज सुटला नव्हता. धुळवडीला सगळ्या बंदुका देवळापुढे मांडायच्या, हळदकुंकू लावायचं आणि रिकाम्याच खांद्यावर टाकून रानाच्या कडेपर्यंत जायचं. पुढे हाकारे, म्हणजे ओरडून जनावर उठवणारे वाडीवरचे कातकरी, आणि मागे बंदूकवाले. रानाला नारळ द्यायचा, रिकाम्या हाताने परत यायचं आणि वर्गणीचा बोकड कापायचा.

वाटे मात्र जुन्या शिकारीसारखेच. माणसाला एक वाटा, कुत्र्याला अर्धा आणि बंदुकीला तिचा वेगळा. हो, बंदुकीलाही वाटा. तो बंदूकवाल्याच्याच घरी जायचा, म्हणजे आमच्याकडे दोन आणि हाकाऱ्याकडे एक. नवी असताना मी विचारलं होतं, लोखंड मटण खातं का? सासूने असे डोळे वटारले की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

मग फी वाढायला लागली. दर नूतनीकरणाला जास्त, वर डॉक्टरचा दाखला, वर आणखी कसलंतरी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. वैतागून कोणी बंदूक जमाच करून टाकली. कोणाची जमीन गेली, मग शेतच नाही तर राखायचं काय? एकाची मुलं उलव्याला टॉवरमध्ये राहायला गेली आणि म्हणाली, बंदूक ठेवायची कुठे, वॉशिंग मशीनच्या बाजूला? असं करत करत गावात एकच उरली, आमची.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. पूर्वी तो बंदूकवाल्यांचा सणच असायचा. टेम्पो करून सगळे मिळून पनवेलला जायचे, बंदुका देऊन पावत्या घ्यायचे आणि भजी खाऊन परत. यंदा झेडपीच्या निवडणुकीला आबा एकटेच गेले, बंदूक सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. नेमकी तेव्हाच लायसनची मुदत संपली. आबांना कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण त्यांचं गणित निराळं. बंदूक सरकारच्या घरी असताना तिची मुदत चालू कशी राहील? पाव्हणा गावाला गेला की घरी त्याचं ताट वाढतो का आपण? निकाल लागल्यावर पावती घेऊन ऐटीत ठाण्यात गेले. हवालदार बिचारा चांगला होता. बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, आजोबा, आधी लायसन, मग बंदूक.

माझा नवरा हरेश तर ऐकायलाच तयार नव्हता. म्हणाला, एवढ्या फीमध्ये मी डुकरांना हॉटेलात जेवायला घालीन. मी म्हटलं, गाडीच्या काचांना काळी फिल्म लावायला पैसे असतात, दंड भरायला असतात, बापाच्या लायसनला नसतात? तर जेवता जेवता उठून गेला. मीही पेटलेच. म्हातारा दिवसभर ओटीवर झुरतोय आणि ह्यांना हॉटेलं सुचतायत. बचत गटातले माझे पैसे मी काढले. मला बंदुकीचं प्रेम नव्हतं, पण त्या उठ-बशीने माझाच जीव जायची वेळ आली होती.

शेतात तोवर वाल तयार झाला होता. डुकरं संध्याकाळ पडली की उतरायची आणि नांगर फिरवल्यासारखं शेत उलथं करून जायची. राखणीला आमचा पांडू. वाडीवरचा कातकरी, आबांच्याच वयाचा, वर्षानुवर्षं दोघांनी मिळून शेत राखलं. पांडू पुढे हाका घालत फिरायचा, आबा मागून मधूनच एक बार टाकायचे. नळीत छरे असायचे, पण डुक्कर मारायचं नसायचं; नुसत्या आवाजाने डुकरं पळायची. आता बार नव्हता, तरी पांडूचं ओरडणं होतंच. आणि काय ते ओरडणं! होऽ होऽ हुर्रऽ, दम म्हणून नाही. पूर्वी तो मधे थांबायचा, बिडी ओढायचा. अलीकडे दोन-तीन वर्षं जे तोंड सुटायचं ते मिटायचंच नाही; बंदूक गेली तरी ती सवय सुटली नव्हती. मी बांधावरून ओरडायचे, मेल्या, श्वास तरी घे! तो हसायचा आणि आणखी जोराने हाक घालायचा.

शिमगा तोंडावर आला तशी मी आबांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले, दाखल्यासाठी. आबांनी धुतलेली टोपी घातली होती. वाटेत बडबड चालू होती, यंदा नळीला तेल कुठलं लावायचं, पट्टा बदलायचा का. डॉक्टरीणबाई तरुण होती, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. ती म्हणाली, उजवा डोळा झाका. डाव्या डोळ्याने आबांनी बऱ्यापैकी वाचलं. मग म्हणाली, आता डावा झाका. आबा ताठ उभे राहिले. एक पाय पुढे टाकला, डावा हात नळीखाली धरावा तसा नकळत वर आला. बाई म्हणाली, आजोबा, नुसतं वाचायचंय.

आबा तसेच उभे. मग म्हणाले, "समोर पांढरा हाय."

बाईने बॅटरी मारून नीट तपासलं. नस सुकलीय, म्हणाली, आजची गोष्ट नाही ही, ऑपरेशनने येणार नाही. नेम धरायचा डोळाच गेलेला, मी दाखला कसा देऊ? आबांनी भांडायला हवं होतं, रागवायला हवं होतं. ते चपला शोधायला लागले.

परतताना आम्ही रिक्षा केली. सुकापूर मागे पडलं तेव्हा आबा बोलले.

"पांडू माझ्या फुडं असायचा, मालू. डावा डोला मिटून नली धरली का मना त्यो दिसत नव्हता. त्याची हाक ऐकायची आन् नली दुसरीकडं फिरवायची."

मला असा संताप आला की रिक्षावाल्याची लाजही राहिली नाही. म्हटलं, आणि एखाद दिवशी त्याला ठसका लागला असता तर? हाक मधेच तुटली असती तर? माणूस होता तो आबा, डुक्कर नव्हता. त्यांनी मान खाली घातली. घर येईपर्यंत ती वर केली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच हरेशला म्हणाले, मना ठाण्यात ने, कायमची जमा करून टाकतो. हरेश एकदम खूश. मी मात्र खुंटीकडे बघायचं टाळत राहिले, कारण मला चीडही यायची आणि रडूही.

धुळवडीला गावात डीजे लागला. बंदूकच नाही तर रानाला कोण जाणार, म्हणून पोरांनी यंदा ते सोडून दिलं होतं. आबा आत भिंतीकडे तोंड करून बसलेले. आणि दारात पांडू, डोक्याला टॉवेल, हातात काठी, मागे त्याचा कुत्रा.

"चला शेट."

"बंदूक नाय," आबा भिंतीलाच म्हणाले.

"डुकरांना कोनी सांगितलाय?"

आबा उठले. मीही नारळ घेऊन मागून निघाले. बायका जात नाहीत, पण अडवायला उरलं होतं कोण? पांडू पुढे हाका घालत, मागे आबा, आणि आबांचा हात सारखा रिकाम्या खांद्यावर, पट्टा सरकतोय की काय असा. रानाच्या कडेला नारळ फोडला आणि परतलो.

बोकडाची वर्गणी यंदा निघालीच नव्हती. मी घरचा कोंबडा कापला आणि अंगणात केळीच्या पानांवर वाटे लावले. आबांचा, पांडूचा, कुत्र्याचा अर्धा. आणि सवयीने हात चालला तो चौथं पान मांडून मोकळा, बंदुकीचं. सगळे त्या पानाकडे बघत राहिलो. आबा वाकले, ते पान उचलून त्यांनी पांडूपुढे ठेवलं.

"यो बंदुकीचा हाय," पांडू म्हणाला.

"तुझा हाय. माझा डोला गेलाय, पांडू. लय दिवस झाले. तू समोर असायचास आन् मना..."

पांडू टॉवेल सोडून त्यात वाटा बांधायला लागला. गाठ नीट बसेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"ठावं हाय मना," तो म्हणाला. "नायतर एवढा घसा कोन फोडल? गप ऱ्हायलो असतो तर तुमाला कसा कलला असता मी कुठं हाय?"

मी म्हटलं, अरे मग सोडायचं की नाही काम! जिवाशी खेळ करतोस? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते.

"शेटची बंदूक बंद तर राखन बंद," तो म्हणाला. "मंग मी खाऊ काय?"

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पांडूने दोन्ही वाटे काखोटीला मारले, कुत्र्याला शीळ घातली आणि गेला.

राखण मी बंद केली नाही. हरेशला साफ सांगितलं, बंदुकीच्या फीचे पैसे आता पांडूच्या मजुरीला, आणि ह्यावर मला चर्चा नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वालाच्या शेतातून पांडूची हाक आली, होऽ होऽ हुर्रऽ. आबा ओटीवर बसलेले. मग हाक थांबली. आबा धडपडत उठले, खांब धरून, मान शेताकडे, नुसते कान झालेले. मीही हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले. शेताच्या टोकाला काडी पेटलेली दिसली. पांडू बिडी ओढत होता.

मी आबांना तसं सांगितलं, आणि ते खाली बसले.