सात वाजताचा मिस्ड कॉल

मित्रांनो, आधी तक्रार ऐका. आमच्या स्वप्नालीने अकरा दिवस माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं. मी एक जुना मोबाईल आहे, काच तडकलेली, पाठीला रबरबँड. पण खोटं मी कधी बोललो नव्हतो.

कुठल्या कारखान्यात घडलो ते आठवत नाही. आठवते ती राजगुरुनगरजवळच्या गिरजाबाईंची कमरेची पिशवी. तिथे तंबाखूच्या पुडीशेजारी चार वर्षं काढली, म्हणून जिभेचा तिखटपणाही त्यांचाच लागला. मग त्यांच्या नातीला, या स्वप्नालीला, चाकणच्या कंपनीत नोकरी मिळाली, आणि आजीने मला तिच्या हाती दिलं. कंपनीच्या गेटवर माझ्या कॅमेऱ्यावर स्टिकर डकवायचे. जसा काही मी चोरच!

स्वप्नाली एकोणीस वर्षांची. जन्मापासून तिच्या रक्तात एचआयव्ही आहे. रोज गोळी घेतली की तो दबून राहतो. पोर शिकते, कमावते, चारचौघींसारखी म्हातारी होऊ शकते. गोळ्या चुकवल्या की तो डोकं वर काढतो. एवढं मला अडाण्यालाही कळतं.

त्या गोळीसाठी सहा जणांची साखळी होती, गोळ्या देणाऱ्या सरकारी सेंटरमधल्या ताईंनी फोनवरच जोडून दिलेली. सगळे तिच्यासारखेच. पिंपळे गुरवची मैत्री नावाची मुलगी त्यांत थोरली. संध्याकाळी सातला गोळी घ्यायची आणि पुढच्याला एक मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे ‘घेतली’. बोलायचं नाही, लिहायचं नाही. शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागत नाही. मित्रांनो, मी लग्नाची आमंत्रणं पोचवली, भांडणं पोचवली. पण एका अर्धवट रिंगमध्ये एवढं वजन असतं हे तेव्हा कळलं. एकमेकांचं तोंड धड पाहिलेलं नाही, आणि एक पोर दुसऱ्याला जगवतंय! मी थक्क होऊन थरथरायचो. लोक म्हणायचे, व्हायब्रेट होतोय.

चाकणच्या खोलीत आणखी तीन मुली होत्या. एकीने बॅग सरकवली, तशी डबी खुळखुळली.

“कसल्या गं गोळ्या?”

“कॅल्शियमच्या.”

पुन्हा कुणी विचारेल या धास्तीने त्या दिवसापासून डबी बॅगेच्या तळाशी गेली. गोळी बंद. मिस्ड कॉल मात्र बाईसाहेबांचा सातच्या ठोक्याला! पलीकडे दिघीचा रणजीत बिचारा निर्धास्त.

रविवारी दुपारी सगळे फोनवर एकत्र बोलत. स्वप्नाली गच्चीवर टाकीच्या सावलीत बसली होती. रणजीत एकदम म्हणाला, “एक सांगू? मागच्या महिन्यात चार दिवस मी नुसताच कॉल दिला. दाजी मुक्कामाला होते, गोळी घेतलीच नाही.”

“मग आता काय करतोस?” मैत्रीने विचारलं.

“डबीत कापूस कोंबला. वाजतच नाही, भावा!”

“भावा कुणाला म्हणतोस रे? थोरली आहे मी!”

सगळे हसले. लागट शब्द एकानेही काढला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर सोडला नसता.

माझ्या काचेवर स्वप्नालीचा घाम उतरला. “माझे अकरा दिवस,” ती म्हणाली.

हसणं थांबलं. मला वाटलं, आता काढतात हिला साखळीतून.

मैत्री म्हणाली, “सांगितलंस ना, बास. उद्या सेंटरला जाऊ. तिथल्या ताईंना अकराच सांगायचे, दोन नाही. मी येते चाकण चौकात. डबी कुठंय?”

“खाली, बॅगेत.”

“घेऊन ये. आम्ही लाइनवर आहोत.”

ती खाली जाऊन वर येईपर्यंत पाच जण लाइनवर थांबले. झाकण उघडलं. पाण्याचा घोट घशाखाली उतरला. तो आवाज मी पाच घरांत पोचवला. एवढं मोठं काम मी जन्मात केलं नव्हतं.

मित्रांनो, माझी काच बदलली नाहीत तरी चालेल. पण कुणी तुमच्या भरवशावर वाट बघत असेल, तर त्याला खोटी रिंग देऊ नका.

त्याच संध्याकाळी स्वप्नालीने आपणहून गावी फोन लावून आजीला सगळं सांगितलं. पलीकडे गिरजाबाईंनी तंबाखूची पिंक टाकली. मग माझ्या स्पीकरमधून त्यांचा आवाज कडाडला:

“सपने, माज्याशी खोटं बोललीस तर मी दोन शिव्या दिऊन इसरंन. पर ती पोरं तुजं त्वांड न बघता तुज्या गोळीची वाट बघत्यात. एवढं सख्ख्यांनी बी केलं न्हाई. त्यास्नी परत फसवलंस, तर गिरजाबाईची नात म्हणून कुटं सांगायचं न्हाई!”