स्वामींनी वाढवलेली मुदत

अप्पासाहेबांच्या बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये दुपारी पावणेदोनला चाळीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्यांतली तीस इंजिनियर. उरलेल्या दहांना निदान काही सबब होती.

मधोमध पाटावर लॅपटॉप, त्याला हळदकुंकू. आयुधपूजेला आपण लावतोच, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. पडद्यावर एक ओळ होती: या यंत्राला मिळालेल्या पत्त्याची मुदत आज दुपारी तीनला संपणार.

"बघा," अवधूतस्वामी म्हणाले, "यंत्रालासुद्धा मरण आहे. आणि आमच्या शब्दाला ते मागं सरतं."

मंत्र सुरू झाला. ठीक दोन वाजता पडदा पुन्हा पाहिला, तर मुदत चारपर्यंत! चाळीस गळे एकदम "अय्यो!" म्हणाले. शेजारचा विराट, एका कंपनीत टीमलीड, डोळे पुसत मला म्हणाला, "अण्णा, हे कोडिंगच्या पलीकडचं आहे." मी मान हलवली. या वयात मान हलवणं हाच माझा मुख्य व्यायाम.

हसून सोडून दिलं असतं. पण अप्पासाहेबांच्या हृदयात दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलेला, आणि चार दिवस त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. आयुष्याची मुदत वाढवून द्यायला स्वामींची अटच होती: "दोन मुदती एकत्र चालत नाहीत. गोळी, नाहीतर आम्ही." अप्पासाहेबांनी स्वामी निवडले. स्वामी घ्यायला पाणी लागत नाही.

"मामंजी, स्वल्प थांबा," त्यांची सून रम्या म्हणाली. ती लोकांची बंद पडलेली नेटवर्कं सुरू करून देते. रात्रपाळी करून आल्यामुळे तिचे डोळे लाल होते. "माझा लॅपटॉप याच्यानंतर दहा मिनिटांनी जोडला होता. त्याची मुदत तीन दहाची. तो मी दाराबाहेर चपलांच्या कपाटात ठेवलाय. त्याच्यासाठी कुणी मंत्र म्हणू नका."

"चपलांत?" सासूबाई, सोयराबाई, कळवळल्या.

"लक्ष्मी नव्हे, अक्का, लॅपटॉप," मी म्हणालो.

दोन दहा झाल्यावर तिनं तो आणला. मुदत: चार दहा.

स्वामी प्रसन्न हसले. "मंत्राला भिंत अडवते का, मुली?"

"सरी, ठीक आहे. मग काल तुम्ही कुठं होता?"

"देवनहळ्ळीला. भक्ताच्या वास्तुशांतीला."

"ही राउटरची नोंदवही," तिनं फोन पुढं केला. "काल दिवसभर, परवा, त्याआधीही, दर तासाला मुदत वाढलीय. या घरातल्या टीव्हीचीसुद्धा. त्याच्यासाठी कुणी उपास केला होता?"

मग तिनं थकल्या आवाजात सांगितलं. राउटर प्रत्येक यंत्राला घरातला एक पत्ता वापरायला देतो, आमच्याकडे दोन तासांसाठी. अर्धी मुदत सरली की यंत्र आपणहून विचारतं, राहू का? राउटर हो म्हणतो, आणि तिथून पुढं पुन्हा दोन तास. "म्हणून स्वामी पावणेदोनला बसतात. सव्वाला बसले असते तर घसा सुकला असता. कुणीतरी त्यांना ही वेळ शिकवलीय."

खोलीतल्या तीस इंजिनियरांनी एकाच वेळी आपापल्या फोनमध्ये पाहिलं. स्वामींना अचानक दुसरी पूजा आठवली.

अप्पासाहेब लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "मग माझी मुदत कोण वाढवतं गं?"

"ते मलाही नाही माहीत, मामंजी. पण डॉक्टरांना विचारता येतं. मी फोन लावलाय, धरा."

त्यांनी धरला. "होय डॉक्टर... चार दिवस..." पलीकडून जे ऐकू आलं, त्यात आशीर्वाद मुळीच नव्हता. मग ते म्हणाले, "सोयरा, पाणी आण. गोळ्याही."

मी खाली निघालो. लिफ्टमध्ये विराट स्वामींना दबक्या आवाजात विचारत होता, "स्वामीजी, प्रमोशनचं काही होईल का?"

माझ्यात आता उपदेशाचा दम नाही, म्हणून एकच सांगतो. चमत्कार दिसला की करणाऱ्याला खोलीबाहेर बसवा आणि तो त्याच्याविना होतो का ते बघा. आणि बघून होईपर्यंत गोळ्या चालू ठेवा.