संलग्न कोनाची तिसरी अट

व्याख्या कशी हवी, तर कुणी मुद्दाम वाकड्यात शिरायचं म्हटलं तरी फट सापडता कामा नये, असं मास्तरांचं म्हणणं. त्यांचं भूमितीचं पुस्तक अकरा वेळा छापलं गेलं होतं. आता बारावी आवृत्ती, आणि या वयात बहुधा शेवटचीच. तीत एकही चूक राहू नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. गणिताचं वावडं असलेल्या माणसाला व्याख्या वाचून दाखवायची आणि तेवढ्यावरून आकृती काढायला लावायची. असा माणूस शोधायला लांब जायला नको होतं. सूनबाई दहावीला गणितात नापास होऊन शिवणकामाला लागलेल्या. चार वाजता छापखान्याचा माणूस बाड न्यायला येणार होता.

विरुद्ध कोन झाले, कोटिकोन झाले. ब्लाउज बाजूला सारून सूनबाई कापायच्या टेबलावर, खाकी कागदावर आकृत्या काढत होत्या.

"आता संलग्न कोन," मास्तर म्हणाले. "ज्या दोन कोनांचा शिरोबिंदू एकच आणि एक भुजा सामाईक असते, ते."

सूनबाईंनी एका बिंदूतून तीन किरण काढले. अख्ख्या मोठ्या कोनाला एक खूण केली आणि त्याच्याच पोटातल्या लहान कोनाला दुसरी.

"अगं, हे काय? शेजारी शेजारी हवेत ते."

"शिरोबिंदू एक आहे, बाबा. ही भुजा दोघांची आहे. शेजारी हवेत, असं कुठे म्हणालात तुम्ही?"

मास्तरांनी व्याख्या पुन्हा वाचून पाहिली. दोन्ही कोनांच्या आतल्या भागात एकही बिंदू सामाईक नसावा, ही तिसरी अट लिहायचीच राहिली होती. फळ्यावर आकृती ते नेहमी बरोबर काढायचे, त्यामुळे कुणाचं अडलंच नव्हतं. त्यांनी अट लिहिली.

"हे तुला सुचलं कसं?"

"आत्ता कुठलं सुचतंय? दहावीच्या पेपरात हीच काढली होती. पुस्तक तुमचंच होतं, व्याख्या तोंडपाठ. शून्य मिळालं, आणि मी दोनच गुणांनी गेले." सूनबाईंनी ब्लाउज पुन्हा पुढे ओढला. "मला वाटलं, आपलंच डोकं चालत नाही."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांसमोर त्यांनी तिच्या गणिताची थोडी का थट्टा केली होती?

छापखान्याचा माणूस वेळेवर आला. मास्तरांनी बाड दिलं नाही.

"अजून त्रेचाळीस व्याख्या सूनबाईंच्या हाताखालून जायच्यात," ते म्हणाले. "आणि पहिलं पान नव्याने लिहायचंय. आधीच्या अकरा आवृत्त्यांत माझी चूक आहे, हे तिथे छापायचंय."